विजयाला वाटेकरी, पराभवाला वाडेकर

आवडत्या खेळाडूबद्दल चाहत्याला फारसं काही आठवत नाही. विश्वनाथचं नाव काढा. समोरचा डोळे मिटतो, मनगट हवेत फिरवतो, "काय तो स्क्वेअर कट!" म्हणतो आणि विषय संपतो. कुणाच्या चेंडूवर, कुठल्या मैदानावर, किती साली, असं विचारलंत तर तो दुखावतो. नावडत्या खेळाडूचं तसं नाही. तो कितव्या कसोटीच्या कितव्या डावात, कसला फटका मारायला जाऊन गेला, तेव्हा धावफलक काय होता आणि रेडिओ कुणाच्या घरचा होता, हे सगळं पाठ असतं. एकदा राग धरला की स्मरणशक्ती अशी काही तासून निघते, की शाळेत कधी निघाली नव्हती.

याची साक्ष द्यायला निपाणीच्या बसस्टँडसमोर एक पिढी अजून चहा पीत बसलेली असते. त्या पिढीचे पुढारी आमचे अण्णा. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. वखारीचे हिशेब त्यांनी वर्षाच्या वर्षाला मिटवले, पण स्वतःची दोन खाती जन्मभर उघडी ठेवली. एक सीमाप्रश्नाचं आणि दुसरं क्रिकेट कप्तान अजित वाडेकरचं. पहिल्या खात्यात महाजन, दुसऱ्यात लॉर्ड्स.

महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. त्यात बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवलं आणि निपाणी महाराष्ट्राला द्या म्हटलं. महाराष्ट्राने अहवालच फेटाळला, तेव्हा निपाणी होती तिथेच राहिली. त्यामुळे निपाणीकराचा राग बेळगावकराइतका सरळ नसतो. त्याला मिळालेलं गमावल्याचं दुःख असतं. वाडेकरांवरचा राग नेमका याच जातीचा. १९७१ साली या माणसाने सगळं मिळवून दिलं आणि १९७४ साली घालवलं.

अण्णांची हिशेबाची पद्धत समजून घेतली पाहिजे. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात गावसकरच्या ७७४ धावा झाल्या. त्या कुणाच्या? गावसकरच्या. सरदेसाईच्या ६४२ कुणाच्या? सरदेसाईच्या, आणि थोड्या आमच्याही, कारण सरदेसाई मडगावचा, आणि बेळगावकराला विचाराल तर चोर्ला घाट उतरलं की मडगाव आलंच. पोर्ट ऑफ स्पेनला लॉइड आणि सोबर्सच्या विकेटी? दुराणीच्या. त्याच वर्षी ओव्हलवर इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला तो चंद्रशेखरने, ३८ धावांत सहा जण घेऊन. ते खातं म्हैसूरला गेलं. मग या सगळ्यात कप्तानाच्या नावावर काय? अण्णा चष्मा कपाळावर चढवून सांगत, "झोप."

हे मात्र खोटं नाही. ओव्हलला शेवटच्या दिवशी १७३ धावांचा पाठलाग करताना वाडेकर सकाळीच धावबाद झाले आणि ड्रेसिंग रूममध्ये जाऊन चक्क झोपले. भारताने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी जिंकली, हे त्यांना उठवून सांगावं लागलं. उठवायला केन बॅरिंग्टन आले. २४ ऑगस्ट, त्या दिवशी गणेश चतुर्थी, मैदानावर कुणी हत्तीण फिरवून नेलेली, आणि सेनापती घोरतोय. मला विचाराल तर कसोटी अंगावर आलेली असताना ज्याला झोप लागते, त्याच्याइतका कामाचा कप्तान दुसरा नसेल. पण वखारीत डुलकी काढली म्हणून अण्णांनी दोन हमालांचे पगार कापलेले, त्यांना हे पटणं अवघड.

किंग्स्टनची गोष्ट त्यांना सांगून बघितली. तिथल्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात गेला. सामना चार दिवसांचा झाला, त्यामुळे फॉलोऑनला दोनशेऐवजी दीडशेची आघाडी पुरत होती. भारताकडे १७० ची होती. हा नियम त्या दिवशी फार कुणाच्या लक्षात नव्हता. वाडेकर शांतपणे वेस्ट इंडिजच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि सोबर्सला म्हणाले, तुम्ही परत खेळायला या. सोबर्ससारख्याला त्याच्या घरी जाऊन हे सांगायचं! अण्णांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "नियम वाचायला बँकेतला माणूस लागतोच की. त्यात कप्तानी कुठली आली?" वाडेकर स्टेट बँकेत होते. ते सुद्धा त्यांच्याविरुद्ध गेलं.

आता १९७४ कडे यायला हवं. आमच्याकडे लोक तिथे पोचतातच, वाट कुठलीही धरा.

१ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं. सीमाभागात त्या दिवसाचं काय होतं ते सांगत बसत नाही, ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. कोल्हापूरच्या गाड्या अशा दिवसांत कोगनोळी नाक्यापर्यंत येतात आणि परत फिरतात. पण नाव बदलल्यावर पाचच महिन्यांत, मार्चमध्ये, त्याच कर्नाटकाने बेंगळुरात रणजीच्या उपांत्य सामन्यात मुंबईला पाणी पाजलं. मुंबई १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं रणजी जिंकत आली होती. इतकी की रणजी ही मुंबईची वडिलोपार्जित जमीन आहे आणि तिचा सातबारा चर्चगेटला आहे, अशी सीमाभागातल्या मराठी माणसाची समजूत झाली होती. प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा उडवला. तरी वाडेकर उभे होते, चांगले खेळत होते. मग धावताना पाय घसरला आणि ते धावबाद झाले. मुंबई पहिल्या डावात मागे पडली आणि पंधरा वर्षांचं राज्य गेलं.

अण्णांचे एक जिवलग स्नेही आहेत, चिकोडीचे, निवृत्त हायस्कूल शिक्षक. घरची भाषा कन्नड, पण मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. सगळे त्यांना सर म्हणतात. त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी सर बेळगावहून कुंदा घेऊन वखारीत आले. बोलले काहीच नाहीत. पुडा उघडून गल्ल्यावर ठेवला आणि तंबाखूचा भाव विचारला. अण्णांनी भाव सांगितला, कुंदा खाल्ला, सरांना चहा पाजला आणि सर गेल्यावर वाडेकरांचा उद्धार सुरू केला तो संध्याकाळी वखार बंद होईपर्यंत. प्रसन्नाला एक शब्द नाही, विश्वनाथला नाही, कर्नाटक सरकारला तर नाहीच. "सीमा गेली ती गेली, रणजी तरी धरून ठेवायची होती," असा एकूण सूर. घसरायचं कारण काय, तर नवे बूट. हे बूट अण्णांनी बघितले नव्हते, पण त्यांच्या तळव्यांबद्दल ते चांभारासारखं बोलत.

आणि मग जून. २४ तारखेला, सोमवारी, लॉर्ड्सवर भारत सगळा बाद ४२. सतरा षटकांत खेळ खल्लास. चंद्रशेखरचा हात दुखावलेला, त्यामुळे तो खेळायलाच आला नाही, म्हणजे शेवटच्या जोडीचा त्रासही वाचला. त्यातल्या १८ नाबाद एकट्या सोलकरच्या. मालिका ३-० ने गेली. त्याच दौऱ्यात भारताच्या वकिलातीतल्या मेजवानीला संघ उशिरा पोचला म्हणून दारातून परत पाठवला गेला. त्याच दौऱ्यात सुधीर नाईकांवर लंडनच्या दुकानातले मोजे उचलल्याचा आळ आला. कबूल करून टाका, बोभाटा होणार नाही, असा सल्ला त्यांना मिळाला आणि नेमका त्यानेच जन्मभराचा बोभाटा झाला. नाईकांनी बर्मिंगहॅमच्या कसोटीत ७७ काढले, पुढे वानखेडेची खेळपट्टी सांभाळली, २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची खेळपट्टी त्यांच्याच हातची. २०२३ मध्ये ते गेले तेव्हा चहाच्या टेबलावर पहिला शब्द निघाला तो मोजे. गावसकरांनी त्यांची बाजू घेऊन पुस्तकात लिहिलं आहे. पण पुस्तक वाचायला वेळ लागतो आणि मोजे लगेच आठवतात.

मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरला १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून सिमेंटची भली मोठी बॅट उभी केली होती, तिला लोकांनी डांबर फासलं. निपाणीहून मुंबई लांब, दगड तिथवर पोचेना, म्हणून आम्ही शिव्यांवर भागवलं. पश्चिम विभागाच्या संघातूनसुद्धा त्यांना वगळलं, तेव्हा त्यांनी निवृत्ती घेऊन टाकली. वय तेहेतीस. तीन मालिका ओळीने जिंकून चौथी हरल्यावर हा सगळा सत्कार. त्या चौथ्या मालिकेनंतर लगेच हेडिंग्लीला भारत पहिला एकदिवसीय सामना खेळला. त्यात वाडेकरांनी ६७ केल्या. हे सांगितलं की चिकोडीचे सर नम्रपणे जोड देतात, "आणि ब्रिजेश पटेलनं ब्याऐंशी." ब्रिजेश कर्नाटकचा.

पुढची चव्वेचाळीस वर्षं अण्णा या खात्यावर व्याज चढवत राहिले. मध्ये वाडेकर संघाचे व्यवस्थापक झाले. १९९३ मध्ये इंग्लंड इथे येऊन ३-० ने हरून गेलं, म्हणजे १९७४ ची फेड रुपयाला रुपया झाली. अण्णा म्हणाले, ते कुंबळेने केलं. १९९४ ला ऑकलंडला सचिनने सलामीला जाऊ द्या म्हणून हट्ट धरला, अझर आणि वाडेकर यांनी जाऊ दिलं आणि पोराने ४९ चेंडूंत ८२ मारले. अण्णा म्हणाले, "हट्ट कुणी धरला? सचिननं. मग?" आणि १९९६ ला ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात डाव ८ बाद १२० वर कोसळला, लोकांनी बाटल्या फेकल्या, स्टँड पेटवले, तेव्हा मात्र अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले. "बघा, हाय का न्हाई तिथं? व्यवस्थापक कोण हाय बघा!"

वाडेकर गेले १५ ऑगस्ट २०१८ ला. तीनच दिवस आधी लॉर्ड्सवर भारत एक डाव आणि १५९ धावांनी हरला होता. अण्णांचं पहिलं वाक्य होतं, "लॉर्ड्सच घेऊन गेलं की हो शेवटी." दुसरं वाक्य येईपर्यंत बराच वेळ गेला. आणि दुसऱ्या वाक्यात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, 'त्यो वाडेकर' चे 'वाडेकरसाहेब' झाले होते.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचं ठरलं. फोटो १९७१ चा की म्हातारपणीचा, कन्नड अक्षरं वर की मराठी, आणि खाली शुभेच्छुक म्हणून कुणाकुणाचे फोटो घालायचे (हो, श्रद्धांजलीला शुभेच्छुक असतात आमच्याकडे), या चर्चेत रात्र गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाजपेयी गेल्याची बातमी आली. फ्लेक्सवाल्याने सांगितलं, आता तीन दिवस मशीन मोकळं नाही. पेपरांची पहिली पानं, टीव्ही, शोकसभा, सगळं तिकडे वळलं. अण्णा कपाळावर हात मारून म्हणाले, "मरतानासुद्धा धावबाद झालं बघा माणूस! एक दिवस थांबायचं न्हाईतर एक दिवस आधी निघायचं. कायम मधल्या मध्ये घसरायचं ही काय रीत?" यात शिवी किती आणि रडू किती, हे सरांनाही सांगता आलं नाही.

शेवटी सभा झाली ती चहाच्या टेबलावरच. वाडेकरांचे खरे चाहतेही चार होते. त्यातला एक उठला. "इंग्लंडमध्ये जिंकून देणारा पहिला कप्तान," म्हणाला आणि बसला. दुसरा म्हणाला, "स्लिपमध्ये झेल छान घ्यायचे." कुणाचे? आठवेना. तिसऱ्याने मान हलवून दुजोरा दिला. चौथ्याला दुकान उघडायचं होतं. पाच मिनिटांत प्रेमाचा साठा संपला. मग अण्णांनी सुरुवात केली. सदतीस कसोट्या, २११३ धावा, शतक एकच, १९६८ चं वेलिंग्टनचं १४३. तीन वेळा तर नव्वदीत येऊन गेला, त्यातल्या एकदा नव्व्याण्णववर. एक एप्रिलचा जन्म, तिथंच देवानं काय ते सांगून ठेवलं होतं. पतौडीला काढून याला कप्तान केला तो विजय मर्चंटच्या एका मताने. डावखुरा, तरतरीत, शॉर्ट पिच पडला की पुल करायला मागेपुढे बघायचा नाही. लॉर्ड्सला ४२ चा डाव कसा गेला ते विकेटीमागून विकेट, ओल्डच्या पाच आणि आर्नल्डच्या चार, एकही न विसरता. अण्णा पाऊण तास बोलले, म्हणजे त्या डावाच्या निम्म्याहून जास्त वेळ. सगळं नावं ठेवण्याच्या सुरात होतं. पण टेबलावरच्या तरुण पोरांनी मोबाइल खाली ठेवले होते आणि एकाने विचारलं, "अण्णा, एवढा भारी होता काय हो?" अण्णा चिडले. "भारी कुठं म्हटलं मी?"

खरं तर नावडता व्हायलासुद्धा थोडी पात्रता लागते. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्याचा कप्तान विजयानगरमचा विझी घ्या. लाला अमरनाथला दौऱ्यातून घरी पाठवलं, स्वतः तीन कसोट्यांत मिळून ३३ धावा केल्या आणि दौऱ्यावर असतानाच 'सर' ही पदवी मिळवली. त्याच्यावर रागावणारा माणूस आज निपाणीत शोधून सापडत नाही. विद्यापीठांच्या क्रिकेटमध्ये त्याच्या नावाचा करंडक आहे, पोरं तो जिंकतात आणि विझी हे कुठल्यातरी शीतपेयाचं नाव असावं असं समजतात.

आमच्या भागाचा खरा खलनायक तर आणखी वेगळा. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम, दहा धावा हव्या होत्या. जेवणाची सुट्टी झाली आणि काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले, डाव सोडा नाहीतर आम्ही घरी जातो. आणि गेले की खरोखर! गोलंदाजाचा मार खाऊन जीव कंटाळतो हे मान्य, पण दहा धावा म्हणजे दोन षटकांचं काम. भाऊसाहेब जन्मात एक कसोटी खेळले नाहीत, आणि तो विक्रम हातचा गेला तो असा. निपाणी-कागल पट्ट्यात कोणत्याही म्हाताऱ्याला ही गोष्ट सांगा, त्याच्या कपाळाची शीर उडते. पण "नाव काय त्या राजाचं?" विचारा. "कोण की. राजकोटचा होता कोणतरी." एवढं मोठं पाप करून बिचाऱ्याला साधी नावानिशी शिवी मिळाली नाही. तिथे वाडेकरांना आमच्या अण्णांसारखा पाठांतर करणारा शत्रू मिळाला.

१९ डिसेंबर २०२० ला ॲडलेडला भारताचा डाव ३६ वर आटोपला. सेहेचाळीस वर्षांनी ४२ चा डाग पुसला गेला, वाडेकरांचं नाव पहिल्या ओळीतून खाली सरकलं. मला वाटलं अण्णा पेढे वाटतील. ते दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते धुसफुसत. "छत्तीस? आणि कप्तान सुट्टी घेऊन घरी? बायकोचं बाळंतपण? आमच्या माणसाच्या घरावर दगड पडले की हो! ह्याच्या खिडकीला कुणी खडा तरी मारला काय?" 'आमच्या माणसाच्या' हे त्यांच्या तोंडून निसटलं, सरांनी माझ्याकडे बघितलं, मी बाहेर बघितलं. पुढे ती मालिका रहाणेने जिंकून आणली, तेव्हा अण्णांनी जाहीर केलं की रहाणेमध्ये थोडा वाडेकर आहे. सेहेचाळीस वर्षांत पहिली जमा.

मग ऑक्टोबर २०२४. न्यूझीलंडविरुद्ध भारत सगळा बाद ४६, मायदेशातला नीचांक, आणि तोही बेंगळुरात. पावसाळी हवेत नाणेफेक जिंकून रोहितने फलंदाजी घेतली होती. सर आले, बसले. अण्णा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "खेळपट्टी कर्नाटकची."

"कप्तान मुंबईचा," सर म्हणाले.

"कप्तान मुंबईचा खरं, राहायला मुंबईत. मूळ कुठला ते बघा."

"ते तुमच्या निपाणीबद्दल पण म्हणतात अण्णा."

चहावाल्याने दोन कट आणून ठेवले. अण्णांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि सरांना म्हणाले, "त्या मैदानात मुंबईचा माणूस घसरतोच. बूट कसले होते रोहितचे, बघितला काय तुम्ही?"